आधी आईचं घर, मग होस्टेल

शाळा सुरू व्हायची वेळ आली की पुण्याच्या खराडी-चंदननगर पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्या बहुतेकांच्या कानावर एकच मागणी येते : "पोराला होस्टेलला टाकायचंय." मागणारी बाई बहुधा एकटी असते. टॉवरमध्ये धुणंभांडी करते, नवरा गेलेला किंवा सोडून गेलेला, आणि ती कामावर असताना खोलीत मुलाकडे बघायला कुणी नाही. आपण कळवळतो आणि प्रवेशाचा फॉर्म पुढे करतो.

हा कळवळा आपल्याला वारशाने आला आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारी पोचलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आणलं. त्या मुलींना परत जायला घरच उरलं नव्हतं, त्यामुळे रमाबाईंचं तिथलं मुक्ती सदन हेच त्यांचं घर झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती बालगृहांची घडण त्याच काळातली आहे. आता आपापलं रजिस्टर उघडून पाहा. बहुतेक मुलांची आई किंवा बाप हयात आहे. मुलाला घराबाहेर काढते आहे ती गरिबी, आणि तिच्यावर कॉट हा उपाय नाही.

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख एका दमात येतो. आपण मात्र त्यांची फारकत केली : मूल संस्थेत, आई बाहेर. माझ्या मते हाच आपल्या सेवेतला सर्वांत मोठा दोष आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ संस्थेतल्या निवासाला शेवटचा उपाय मानतो. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पण ते मिळवायला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, शाळेचं बोनाफाईड, बँकखातं एवढं जमवावं लागतं. नवऱ्याचा मृत्यू गावाकडे नोंदलेला आणि ही खराडीत. एका दाखल्यासाठी दोन खाडे आणि एसटीचं भाडं. तिथेच अर्ज अडतो. मंडळीतला एखादा निवृत्त कारकून तिच्यासोबत तहसील कचेरीत गेला, तर एक मूल आईपाशी राहतं. ही सेवा उपासनेइतकीच पवित्र आहे.

आणि ज्याला खरोखर कुणीच नाही, त्याच्यासाठी प्रतिपालक कुटुंब शोधा. याच कायद्याचं ४४वं कलम त्यासाठीच आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार पस्तिशी ओलांडलेली एकटी व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते, आणि मूल दोन वर्षं त्या घरात राहिल्यावर दत्तक घेण्याची वाट खुली होते. पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे. वडगाव शेरी-खराडीत ख्रिस्ती कुटुंबं भरपूर आहेत. त्यांना तयार कुणी करायचं? आपणच. उशीखाली चपाती लपवणाऱ्या मुलाला रागावायचं नसतं, उशाशी डबा ठेवून द्यायचा असतो, हे गृहमातेला ठाऊक असतं. नव्या पालकांना ते सांगावं लागतं.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून रमाबाईंच्याच शारदा सदनातून अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. तो संशय आजही आपल्या दाराशी उभा आहे. प्रतिपालकाच्या घरी आलेलं मूल आपलं नाव, आपले सण, आपला देव सोबत घेऊन येतं. त्याच्या निराधारपणाचा आधार घेऊन त्याला चर्चमध्ये ओढणं हा त्या मुलावर अन्याय आहे आणि ख्रिस्ताच्या नावालाही तो शोभत नाही. ज्या कुटुंबाला हे मान्य नसेल, त्याची शिफारस करू नका.

अधीक्षकांना आणि पाळकांना विनंती : येत्या जूनचे प्रवेश देण्याआधी प्रत्येक मुलाच्या आईचा बालसंगोपनचा अर्ज झाला आहे का, ते विचारा. नसेल तर आधी तो भरा. आणि आपल्या मंडळीतल्या निदान दोन तयार कुटुंबांची नावं जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पोचवा.