पन्नास दिवसांचा महापौर

१९२९ च्या सप्टेंबरात लाहोरच्या तुरुंगात त्रेसष्ट दिवसांच्या उपवासानंतर जतीन दासांनी देह ठेवला, तेव्हा आयर्लंडमधून मॅकस्विनी कुटुंबाची शोकाची तार आली. आणि कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी हे ऑक्टोबर १९२० मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात चौऱ्याहत्तर दिवस अन्नावाचून राहून कसे निवर्तले, ही हकीकत आपल्याकडील जाणत्या माणसांना पुन्हा एकवार आठवली. परंतु ज्या खुर्चीवरून मॅकस्विनी तुरुंगात गेले ती त्यांच्याकडे कशी आली, असे विचारणारा मनुष्य विरळा. त्या खुर्चीवर त्यांच्या आधी बसलेले टोमास मॅक कर्टन यांचे चरित्र मला अधिक बोधप्रद वाटते, आणि ते केवळ हौतात्म्याच्या दृष्टीने नव्हे, तर नगरसभा नावाच्या संस्थेच्या अंगी किती सामर्थ्य असू शकते या दृष्टीने.

२० मार्च १८८४ रोजी कॉर्क परगण्यातील एका खेड्यात जन्मलेले, पुढे शहरात येऊन कारकुनी केलेले, गेलिक लीगच्या कामात रमून लोकांना आयरिश भाषा शिकविणारे आणि फावल्या वेळी व्हायोलिन वाजविणारे हे गृहस्थ आयरिश स्वयंसेवक दलाचे कॉर्कमधील नायक झाले. १९१६ च्या ईस्टरमधील ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावात डब्लिनहून एकामागून एक आलेल्या परस्परविरोधी हुकमांच्या घोटाळ्यात त्यांच्या तुकडीने एकही लढाई दिली नाही. वाटाघाटींनंतर शस्त्रे खाली ठेवावी लागली, त्याचा बोल लागला, आणि वेल्समधील फ्रॉन्गोखच्या छावणीतील बंदिवासही चुकला नाही. बंदुकीच्या मार्गाने ज्याच्या पदरी प्रथम मानहानी आली, त्या माणसाला खरे यश मतपेटीने दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या यशालाही दैवाचा एक खोचक विनोद चिकटलेला होता. आयर्लंडचे स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाला आवर घालावा आणि अल्पसंख्याकांना आश्रय मिळावा, या हेतूने लंडनच्या सरकारने आयर्लंडच्या नगरपालिकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत लागू केली होती. जानेवारी १९२० मध्ये त्याच पद्धतीने निवडणूक झाली, आणि कॉर्कमध्ये शिन फेन व वाहतूक कामगार संघटना यांच्या आघाडीने बहुमत मिळविले. ३० जानेवारीला मॅक कर्टन महापौर झाले. नव्या नगरसभेने आपली निष्ठा ब्रिटिश राजसत्तेऐवजी डॉल एरन या आयरिश लोकसभेच्या चरणी वाहिली. करवसुली, रस्ते, पाणी यांचे दप्तर तेच राहिले. मात्र त्या दप्तराचा धनी कोण, हे नागरिकांच्या मताने ठरले, आणि साम्राज्याला झोंबणारी गोष्ट नेमकी तीच होती.

पन्नासाव्या दिवशी, म्हणजे २० मार्चच्या मध्यरात्रीनंतर, त्यांच्या छत्तिसाव्या वाढदिवसाचा सूर्य उगविण्यापूर्वीच, तोंडाला काळे फासलेले लोक घरात घुसले आणि त्यांनी महापौरांना गोळ्या घातल्या. आता, न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे : मॅक कर्टन हे त्याच वेळी सशस्त्र स्वयंसेवक दलाच्या कॉर्क ब्रिगेडचे सेनानीही होते, आणि त्याच रात्री काही तास आधी शहरात एका पोलीस शिपायाचा खून झाला होता. ज्याच्या हाती नगराचा शिक्का आणि सैन्याचा हुकूम दोन्ही आहेत, त्याला निव्वळ नागरी अधिकारी म्हणता येत नाही, हा आक्षेप मी खोटा मानत नाही. परंतु त्याला पकडून न्यायासनापुढे उभे करण्याची सारी साधने हाती असलेल्या राज्यसत्तेच्या पोलिसांनी काळोखात तोंड रंगवून यावे, यातच त्या सत्तेचा अधिकार संपला होता.

मारेकरी पोलीस होते, हे कोणी पुढाऱ्याने सभेत सांगितले नाही, तर संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या कॉरोनरच्या चौकशीत बसलेल्या पंचांनी सांगितले. मुंबईकरांच्या जुन्या पिढीला परिचित असलेली ही कॉरोनरची संस्था ब्रिटिश कायद्यानेच निर्मिलेली. महापौरांना त्यांच्याच पक्षातील जहालांनी मारले, असे अधिकाऱ्यांच्या बाजूने सुचविले जात असता, कॉर्कच्या सामान्य नागरिकांनी पोलिसांसह अनेकांच्या साक्षी ऐकल्या आणि १७ एप्रिल रोजी निर्णय दिला की, हा बुद्धिपुरस्सर खून रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलाने केला असून त्याचे सूत्रचालन सरकारचे आहे. आणि दोषींच्या यादीत पोलीस निरीक्षक स्वांझी यांच्याबरोबर आयर्लंडचे व्हाइसरॉय लॉर्ड फ्रेंच व खुद्द पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचीही नावे घातली. साम्राज्याच्याच कायद्याचा कागद, त्यावर साम्राज्याच्या पंतप्रधानावरील आरोप, आणि खाली साध्यासुध्या गावकऱ्यांच्या सह्या!

पुढे २२ ऑगस्टला लिस्बर्न गावी चर्चमधून बाहेर पडणाऱ्या स्वांझींना गोळी घालून सूड उगविण्यात आला. त्याची किंमत मात्र त्या गावच्या निरपराध कॅथलिक कुटुंबांनी भरली. त्यांची घरेदारे जाळली गेली, आणि शेकडो माणसे देशोधडीला लागली. अनेकांना या सूडात न्यायाची पूर्तता दिसते. मला दिसत नाही. कोणत्या शस्त्राने सत्ता खरोखर घायाळ झाली, याचा पुरावा सत्तेच्याच कृतीत आहे. त्याच ऑगस्टात पार्लमेंटने जो दडपशाहीचा कायदा मंजूर केला, त्याने आयर्लंडात कॉरोनरच्या चौकशीच्या जागी लष्करी चौकशी बसविण्याची मुभा सरकारला दिली. बंदुकांचा बंदोबस्त करण्यास सरकारजवळ बंदुका होत्या. चार गावकरी टेबलाभोवती बसून साक्षी ऐकतात आणि निर्णय लिहितात, यावर मात्र त्याला ते टेबलच उचलून नेण्यावाचून दुसरा उपाय सापडला नाही.