कदम बदल

बंगळुरूला येऊन दीड वर्ष झालं. इथे कॉफीच्या टेबलावरही दोन माणसं फेज नॉइजवर हमरीतुमरीवर आलेली दिसतात. अशाच एका भांडणात मी मध्ये पडलो. वाद असा होता: फ्रिक्वेन्सी हॉपिंग रेडिओ सेकंदाला किती उड्या मारतो, या एका आकड्यावरून त्याची लायकी ठरवायची का? माझं मत, ठरवू नये. का ते सांगतो. फौजी मित्रांनी ‘हे इंजिनिअर लोकांचं’ म्हणून इथेच थांबू नये, कारण सेट शेवटी आपल्याच पाठीवर येतो.

आधी ड्रिल. खडकवासल्याला खेत्रपाल ग्राउंडवर नव्या कॅडेटचा पाय ढोलाशी जुळत नाही. चाल तीच असते, पण ढोल डाव्या पायावर आणि हा उजव्यावर. मग दोन तऱ्हा दिसतात. एक जण प्रत्येक ठोक्याला पाय दुरुस्त करतो. तो झटकन जुळतो, पण ढोलवाल्याचा हात जरा चळला की हाही चळतो. दुसरा हळूहळू दुरुस्त करतो. त्याला जुळायला अर्धं मैदान लागतं, मात्र ढोल किंचित डगमगला तरी त्याची चाल डगमगत नाही. एवढंच की त्याच्या स्वतःच्या पायात दोष असेल, तर तो तसाच राहतो.

फेज-लॉक्ड लूप म्हणजे हेच. एक स्थिर क्रिस्टल, एक व्होल्टेजने फिरणारा ऑसिलेटर, दोघांच्या फेजमधला फरक मोजणारा डिटेक्टर, आणि त्या फरकावरून ऑसिलेटरला हळू किंवा जोरात खेचणारा फिल्टर. फ्रान्सच्या आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये रेडिओ रिसीव्हरसाठी ही कल्पना मांडली. आज ती प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. फिल्टर किती मोकळा ठेवायचा, म्हणजे लूपची बँडविड्थ किती, यावर सगळा खेळ चालतो. मोकळा ठेवला तर लॉक लवकर लागतं, पण क्रिस्टलच्या बाजूचा नॉइज आत येतो. आवळला तर तो अडतो, पण लॉकला उशीर होतो आणि ऑसिलेटरची स्वतःची खरखर दाबायला कुणी उरत नाही. म्हणजे आवळत गेलं की नॉइज कमीच होत जातो, हेही खरं नाही. दोन्ही नॉइज जिथे समसमान होतात, त्या सुमाराची बँडविड्थ सगळ्यात शांत. ती वेगाला पुरेल याची हमी मात्र कुणी दिलेली नाही.

आता थोडं गणित. हे पुस्तकी आकडे आहेत, आपल्या कुठल्या सेटचे नाहीत. ३० ते ८८ मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ पट्टा, २५ किलोहर्ट्झचं एकेक चॅनेल. साध्या पूर्णांकी लूपमध्ये संदर्भ फ्रिक्वेन्सीही २५ किलोहर्ट्झच ठेवावी लागते. ५० मेगाहर्ट्झला भागाकार झाला २०००, आणि संदर्भाच्या बाजूचा नॉइज तिथे ६६ डेसिबलने चढून बसतो. लूपची बँडविड्थ संदर्भाच्या दहाव्या हिश्शापलीकडे नेऊ नये असा ठोकताळा आहे. म्हणजे अडीच किलोहर्ट्झ. स्थिरावायला साधारण एक मिलिसेकंद. सेकंदाला शंभर उड्या मारायच्या तर प्रत्येक मुक्काम दहा मिलिसेकंदांचा, त्यातला एक गेला, चालतं. हजार उड्या म्हटलं की पूर्ण मुक्काम बूट बांधण्यातच संपतो. अपूर्णांकी भागाकाराच्या लूपने ही कोंडी बरीच फोडली. संदर्भ काही मेगाहर्ट्झवर नेता येतो आणि भागाकार लहान होतो. पण नको तिथे नको ते सूर उमटतात, आणि ते झाकणं ही वेगळी कारागिरी आहे.

आणखी एक युक्ती मला फार आवडते. उडीच्या वेळी लूप मोकळा करायचा, जुळलं की आवळायचा. परेडवरच्या ‘कदम बदल’सारखं, एक छोटी ठेच घेऊन पाय जुळवायचा आणि पुढे शांत चालायचं. अडचण इतकीच की आवळताना लूपला बारीक धक्का बसतो, आणि तो विरेपर्यंत पुन्हा वेळ जातो.

वेगाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पाठलाग करणाऱ्या जॅमरला आपली फ्रिक्वेन्सी शोधून तिथे पोचायला वेळ लागतो. त्याआधी आपण निघालेलो हवं. पण काही वर्षांपूर्वी वाळवंटातल्या एका सरावात एकाच गाडीत दोन सेट होते, दोन वेगळ्या नेटवर, काही चॅनेलांच्या अंतराने. एकाचं बटण दाबलं की दुसरा बहिरा. लांबच्या गस्तीचा आवाज खरखरीत बुडून जायचा. आम्ही बॅटऱ्या बदलल्या, केबल बदलल्या, एकमेकांवर डाफरलो. शेवटी साताऱ्याकडच्या आमच्या हवालदाराने एका सेटचा अँटेना उचलून पन्नास पावलं लांब नेला आणि म्हणाला, “साहेब, शेजारी ओरडत असल्यावर कान काय करणार?” शेजारच्या सेटच्या कडेला सांडणारा नॉइज आमच्या चॅनेलवर पडत होता, आणि आमच्या रिसीव्हरचा ऑसिलेटरही तितकाच मळका होता. कागदावर दोन्ही सेट उत्तीर्ण होते.

माझी तक्रार इथेच आहे. माहितीपत्रकात लॉक टाइम असतो आणि फेज नॉइजही असतो. पहिला मोजलेला असतो लूप मोकळा ठेवून, दुसरा एकाच फ्रिक्वेन्सीवर ठाण मांडून, लूप आवळून. दोन्ही आकडे खरे, पण एकाच वेळी कधीच खरे नाहीत. शिवाय ‘लॉक झालं’ म्हणजे अंतिम फ्रिक्वेन्सीच्या किती हर्ट्झ जवळ पोचलं? हे विचारलं की समोरचा माणूस चहा मागवतो.

घाई नसेल तर काय करता येतं, ते बंगळुरूजवळच ब्यालाळूला दिसतं. इस्रोचा ३२ मीटरचा अँटेना तिथे आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा त्याचा संदेश इथे यायला बारा मिनिटांहून जास्त लागत होती. इतक्या क्षीण लहरीसाठी लूप आवळावाच लागतो, चार क्षण जास्त गेले तरी बिघडत नाही. आमच्या गाडीत ती चैन नाही. सिग्नल्सचं ब्रीदवाक्य ‘तीव्र चौकस’ आहे, दोन शब्दांचं. (मराठीत चौकस म्हणजे प्रश्न विचारणारा. मला तोच अर्थ जास्त पटतो.)

मध्यंतरी एका मसुद्यावर अभिप्राय मागितला होता. हॉपिंगच्या वेगाचा रकाना ठळक होता. मी समासात पेन्सिलीने लिहिलं: ‘लॉक टाइम व फेज नॉइज एकाच सेटिंगमध्ये, हॉपिंग चालू असताना, शून्याखालच्या तापमानातही मोजावेत. शेजारी दुसरा सेट ट्रान्समिट करत असावा.’ मसुदा अजून परत आलेला नाही.