आधी गिअरबॉक्स, मग ताकद

चारठाणा म्हटलं की लोकांना हेमाडपंती मंदिरं, दीपमाळ आणि बारव आठवते. माझं आयुष्य इथल्याच रस्त्याकडेला गाड्या उघडण्यात आणि बांधण्यात गेलं. पूर्वी दारात यायचे ते ट्रॅक्टर, जीप आणि छोटा हत्ती. आता जिंतूर तालुक्यातल्या गुत्तेदारांकडे, मोठ्या बागायतदारांकडे दोनशे अश्वशक्तीच्या आसपासच्या पिकअप आणि एसयूव्ही आल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ऑटोमॅटिक आहेत. त्यांच्याबरोबर नवी हौसही आली आहे: शहरात जाऊन गाडी ‘रिमॅप’ करून आणायची. लॅपटॉप जोडला, इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलला, की तासाभरात पिकअप वाढतो.

एक मिस्त्री म्हणून मला स्पष्ट सांगायचं आहे. इंजिनाची ताकद वाढवणं सोपं झालं आहे. ती पेलणारा गिअरबॉक्स बांधणं सोपं झालेलं नाही. आणि तो बांधण्याची विद्या आमच्यासारख्या गावांपर्यंत पोचतच नाही, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

गिअरबॉक्सची मर्यादा काय असते, हे गाडी बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटाची हायलक्स पाहा. इंजिन तेच, २.८ लिटरचं, २०४ अश्वशक्तीचं. पण मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकसोबत ५००. त्याच वर्षी आलेल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनमध्येही १७५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला मॅन्युअलसोबत ३७० आणि ऑटोमॅटिकसोबत ४०० ठेवले आहेत. अमेरिकेत याच्या उलट होतं. तिकडच्या डॉज पिकअपमध्ये १९८९ पासून कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसू लागलं. १९९६ साली ते इंजिन मॅन्युअल गाडीत २१५ अश्वशक्तीचं होतं आणि ऑटोमॅटिकमध्ये १८० चं, कारण त्या काळचा ऑटोमॅटिक बॉक्स त्याहून जास्त सोसत नव्हता. मालकांनी बाहेरून ताकद वाढवली आणि गिअरबॉक्स जळू लागले. त्यातूनच तिथे मजबूत गिअरबॉक्स बांधणाऱ्यांचा मोठा धंदा उभा राहिला. सांगायचं एवढंच, की कंपनी आधी गिअरबॉक्सची कुवत बघते आणि मग इंजिनाला किती मोकळं सोडायचं ते ठरवते. रिमॅप करणारा हा क्रम उलटा करतो.

ऑटोमॅटिकमध्ये नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला हवं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी जागेवरून ओढताना तो तेलाच्या जोरावर इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो. पुढे ड्रममध्ये क्लचच्या प्लेटा असतात: एक अस्तराची, एक पोलादी, अशा आलटून पालटून. तेलाचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन प्लेटा आवळतो आणि गिअर धरला जातो. ही पकड तीन गोष्टींवर ठरते: प्लेटा किती, त्यांचा घेर किती आणि तेलाचा दाब किती. रिमॅपने यातलं काहीच बदलत नाही, फक्त ओढ वाढते. पकड अपुरी पडली की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की आणखी घसरतात.

शिवाय गिअर बदलताना इंजिनाचा संगणक क्षणभर टॉर्क उतरवतो, म्हणजे प्लेटा धक्का न खाता आवळल्या जातात. इंजिनाचा प्रोग्राम परस्पर बदलला, तर गिअरबॉक्सच्या संगणकाला खरा टॉर्क कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने दाब देत राहतो.

गेल्या उन्हाळ्यात एक गुत्तेदार अशीच पिकअप घेऊन आले. मागे डिझेलची टाकी, वर अवजड सामान, कामाच्या जागी ट्रॉलीही तिनेच ओढायची. “मिस्त्री, चढाला इंजिन रेस होतंय, गाडी उचलत नाही. सॉफ्टवेअरचं काही असेल तर बघा,” म्हणाले. चेंबर खोलला. तेल स्वच्छ लालसर असायला हवं, ते काळपट तपकिरी निघालं आणि जळका वास नाकात बसला. चेंबरमधल्या चुंबकाला राखाडी लगदा चिकटलेला असतो. थोडा असला तर ती नेहमीची झीज. पण तेलात अस्तराचे काळे तुकडे तरंगत होते. ड्रम उघडल्यावर अस्तराच्या प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या दिसल्या, काही ठिकाणी तर खालचं लोखंड उघडं पडलं होतं. पोलादी प्लेटांवर निळे-काळे डाग होते. यात कंपनीचा दोष नव्हता. गाडी जेवढ्यासाठी बनली होती त्याहून जास्त तिच्याकडून मागितलं गेलं होतं.

असा बॉक्स नुसता नव्या प्लेटा टाकून बांधला, तर तो पुन्हा जळणार. टिकवायचा असेल तर काम मुळापासून करावं लागतं. पोलादी प्लेटा थोड्या पातळ घेऊन ड्रममध्ये एखादी अस्तराची प्लेट जास्त बसवता येते, पण मग फट फार सांभाळावी लागते. ती कमी राहिली तर क्लच सुटा असतानाही घासत राहतो. जास्त राहिली तर गिअर उशिरा, धाडकन पडतो. हा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या भागांचा असतो आणि तो फिलर गेजनेच मोजावा लागतो, अंदाजाने चालत नाही. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत ठेवायच्या. सील बसवताना ग्रीस लावायचं नाही, पेट्रोलियम जेली लावायची. ती तेलात विरघळते. ग्रीस मात्र तेलाचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसतं. ड्रम बांधून झाला की तेलाच्या भोकातून हवा मारायची. पिस्टन ‘ठक’ करून बसला आणि हवा फुसफुसली नाही, तरच पुढे जायचं.

तेलाचा दाब वाढवता येतो, पण त्याबरोबर पंप, सील आणि शाफ्टवरचाही ताण वाढतो. कन्व्हर्टर तर वेल्डिंग करून बंद केलेला असतो. तो लेथवर कापायचा, आतून साफ करायचा, अस्तर बदलायचं, पुन्हा जोडायचा आणि बॅलन्स करायचा. जुना कन्व्हर्टर किंवा जुना ऑइल कूलर तसाच लावला, तर त्यातली घाण नव्या बॉक्समध्ये उतरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

आमच्याकडे उष्णतेचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. ऑटोमॅटिकचं तेल ८० अंशांच्या वर गेलं की दर १०-११ अंशांना त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणून ओझं वाहणाऱ्या गाडीला मोठा कूलर आणि वेळेवर तेलबदल यांना पर्याय नाही. अंगात जोर असणाऱ्या गाडीसाठी माझा पहिला सल्ला असतो तो कूलरचा.

कुणी म्हणेल, मिस्त्रीच ताकद वाढवायला सांगतोय का? अजिबात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलांत मालकाला मनमानी बदल करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ताकद वाढते तेव्हा ब्रेक, टायर आणि चासी मात्र जुन्याच असतात. पण ताकद न वाढवताही आमच्या भागातल्या गाड्या ओझ्याने, उन्हाने आणि धुळीने गिअरबॉक्सच्या कामाला येतात. त्या बॉक्सला चांगला बांधणारा हात जवळपास मिळाला पाहिजे.

आज तसं होत नाही. कोणत्या मॉडेलला किती फट, कोणत्या बोल्टला किती टॉर्क, कोणत्या गिअरला किती दाब, हे सगळं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं. बॉक्स बांधल्यावर संगणकाला नव्या प्लेटांची ओळख करून द्यावी लागते, त्यासाठी स्कॅनर लागतो. बाहेरच्या मिस्त्रीला हे सहज मिळत नाही. मग ग्राहकाला सांगितलं जातं, ‘पूर्ण बॉक्सच बदला’, आणि बिल लाखांत जातं.

यावर देशात विचार झालेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि सुटे भाग व तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, असं बजावलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत वाहनं आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या हक्कासाठीचं पोर्टल सुरू झालं. आता समिती आणि पोर्टलच्या पुढे जायला हवं. मॅन्युअल, सुटे भाग आणि स्कॅनर योग्य दरात विकणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक करा.

कंपन्या म्हणतात, अर्धवट शिकलेल्या हातांत असं काम देणं धोक्याचं आहे. बरोबर आहे, म्हणूनच शिकवा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी आयटीआयमध्ये खोलून पुन्हा बांधता येईल असा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, प्रेशर गेज आणि स्कॅनर ठेवा. कन्व्हर्टर कापून जोडायची आणि बॅलन्स करायची सोय तिथेच करा. हाताने काम शिकलेल्या जुन्या मिस्त्र्यांची परीक्षा घेऊन त्यांनाही प्रमाणपत्र द्या. गिअरबॉक्स बनवणारे मोठे कारखाने पुण्याजवळ चाकण-रांजणगावला आहेत. त्यांच्या तज्ज्ञांनी वर्षातून काही दिवस परभणीला येऊन शिकवणं काही अवघड नाही.

आणि गाडीमालकांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. रिमॅपचे पैसे आधी तेल, कूलर आणि तपासणीवर खर्च करा. गाडी चढाला रेस होऊ लागली, गिअर उशिरा पडू लागला, तर त्याच दिवशी तेल बघा. तिथे थांबलात तर थोडक्यात निभावतं. आमच्या गावातल्या पोरांच्या हातात कसब आहे. त्यांना माहिती आणि अवजारं द्या, म्हणजे जिंतूर तालुक्यातली गाडी जिंतूर तालुक्यातच नीट बांधून मिळेल.