मतपेटीला न्यायासन करू नका

निवडणुकीचा हंगाम आणि फौजदारी खटल्याची तारीख यांची गाठ पडली म्हणजे लोकशाहीत एक विचित्र प्रकार घडतो. न्यायालयाचा निकाल लांबतो, म्हणून आरोपी पुढारी मतदाराकडे धाव घेतो. आणि मतदाराने कौल दिला की, 'जनताजनार्दनाने मला निर्दोष ठरविले' असा डांगोरा पिटतो. वस्तुतः मतदाराने साक्षीदार तपासलेले नसतात, कागदपत्रे पाहिलेली नसतात, उभयपक्षांचे वकील ऐकलेले नसतात. तरीही न्यायासनावर त्यालाच बसविले जाते. यात मतदाराचा सन्मान आहे असे ज्यांना वाटते त्यांना वाटो. आमच्या मते ही त्याची निखालस फसवणूक आहे. ज्याच्यावर खोटा आरोप आला असेल अशा पुढाऱ्यावरही त्यात अन्यायच होतो. पांढुर्णा आणि सौंसर येथील मतदारांनी हा प्रकार स्वतः अनुभवला असल्यामुळे या प्रश्नावर बोलण्याचा त्यांचा अधिकार इतर कोणाहूनही कमी नाही.

आज या प्रकाराचे उदाहरण म्हणून सारे जग अमेरिकेकडे बोट दाखविते. २०२४ च्या निवडणुकीत माजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प पुन्हा उमेदवार होते आणि त्याच वेळी त्यांच्यावर चार फौजदारी खटल्यांची तलवार लटकत होती. चारही आरोपपत्रे २०२३ या एकाच वर्षातली. त्यांपैकी न्यूयॉर्कचा एकटा खटला मतदानापूर्वी तडीस गेला. ३० मे २०२४ रोजी तेथील ज्यूरीने हिशेबाच्या खोट्या नोंदींचे चौतीसच्या चौतीस आरोप शाबीत धरले. परंतु सर्वांत गंभीर खटला वॉशिंग्टनचा होता. मागील निवडणुकीचा निकाल उलटविण्याच्या कारस्थानाचा तो आरोप. १ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, माजी अध्यक्षास त्याच्या अधिकृत कृत्यांबद्दल मोठे संरक्षण आहे. आणि तो खटला मतदानापूर्वी उभा राहण्याची आशा मावळली. ५ नोव्हेंबरला ट्रम्प निवडून आले. २५ नोव्हेंबरला तो खटला काढून टाकण्यात आला, कारण पदारूढ अध्यक्षावर खटला चालवायचा नाही असे तेथील न्यायखात्याचे धोरण आहे. १० जानेवारी २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने दोष कायम ठेवून कैद नाही, दंड नाही, अशा रीतीने त्यांना सोडून दिले. आणि दहा दिवसांनी त्यांनी पुनश्च अध्यक्षपदाची शपथ घेतली. वॉशिंग्टनच्या आरोपात ट्रम्प दोषी होते की निर्दोष, हे कोणत्याही न्यायालयाने सांगितले नाही. मतमोजणीने तो प्रश्नच मिटवून टाकला.

ही गोष्ट वाचून आपण दुरून हसावे, अशी स्थिती मात्र नाही. आपल्या छिंदवाडा मतदारसंघाने हेच नाटक १९९६ साली आपल्या अंगणात पाहिले. जैन बंधूंच्या रोजनिशीतील नोंदींवरून उभे राहिलेले हवाला प्रकरण त्या वर्षीच्या जानेवारीत आरोपपत्रांच्या रूपाने न्यायालयात आले आणि एप्रिल-मेमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. या रोजनिशा केंद्रीय अन्वेषण विभागाच्या हाती लागल्या होत्या १९९१ साली! पाच वर्षे त्यांच्यावर धूळ बसली आणि ती झाडण्याचा मुहूर्त नेमका निवडणुकीच्या तोंडावर सापडला. १९८० पासून छिंदवाड्याचे खासदार असलेले श्री. कमलनाथ यांचे नाव या प्रकरणात गोवले गेल्यामुळे काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली. त्यांच्या पत्नी श्रीमती अलका नाथ उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पुढे त्यांनी राजीनामा दिला, १९९७ साली पोटनिवडणूक झाली आणि तीत माजी मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा यांनी कमलनाथांचा पराभव केला. १९९८ साली कमलनाथ पुन्हा निवडून आले. तीन वर्षांत तीन निवडणुका! एकाच मतदारसंघाने पहिल्या खेपेस घराण्याला कौल दिला, दुसऱ्या खेपेस त्याच्या विरुद्ध दिला आणि तिसऱ्या खेपेस पुन्हा अनुकूल दिला. यांपैकी कोणता कौल हा आरोपाचा निकाल समजावयाचा?

त्या वर्षी एकाच प्रकरणाला तीन पुढाऱ्यांनी तीन उत्तरे दिली. श्री. लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक लढविणार नाही असे जाहीर केले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी पक्षाने उमेदवारी नाकारताच वेगळा पक्ष काढला आणि ते निवडून आले. छिंदवाड्याची तऱ्हा वर सांगितलीच आहे. कोणी माघार घेतली, कोणी झुंज दिली, कोणी घरातली व्यक्ती पुढे केली. पण खरे उत्तर देण्याचा अधिकार ज्या न्यायालयाला होता ते अजून बोललेच नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने अडवाणी व विद्याचरण शुक्ल यांच्यावरील आरोप रद्द केले ते एप्रिल १९९७ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले ते मार्च १९९८ मध्ये. केवळ खाजगी वहीतील नोंदी हा पुरेसा पुरावा होऊ शकत नाही, हे त्या निर्णयाचे सार. कमलनाथांनाही या प्रकरणात कधी शिक्षा झाली नाही. म्हणजे जे दोन वर्षांनी कळले ते १९९६ साली कळले असते, तर मतदाराला आपले मत आपल्या प्रश्नांवर देता आले असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. दगड कोणाचा, लागला कोणाला, याचा हिशेब तेथे कोणी ठेवीत नाही. नदीपात्रातला झेंडा कोणी हस्तगत केला एवढेच पाहिले जाते. निकालाविना चालणाऱ्या खटल्याच्या छायेत निवडणूक होते तेव्हा तिची अशीच गोटमार होते. आणि त्या दगडफेकीत आमची मराठी शाळा, आमचा संत्र्याचा भाव, आमचा विलीनीकरणाचा प्रश्न यांची विचारपूस करण्यास कोणालाच सवड राहत नाही.

सौंसरची सीमा ओलांडली की नागपूर जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील रामटेकने १९८४ आणि १९८९ साली लोकसभेवर पाठविलेले पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले. हरिभाऊ आपट्यांची मराठी कादंबरी तेलुगूत नेणारा हा विद्वान पुरुष. जुलै १९९३ च्या अविश्वास ठरावाच्या वेळी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याच्या प्रकरणात ते आरोपी झाले. १९९८ च्या निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारीच दिली नाही. २००० साली विशेष न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. फौजदारी खटल्यात दोषी ठरलेले ते पहिले माजी पंतप्रधान. मार्च २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. घटनेला तोवर जवळजवळ नऊ वर्षे लोटली होती. त्यांचे राजकारण संपले होते आणि डिसेंबर २००४ मध्ये त्यांचे आयुष्यही संपले. ते दोषी असतील तर देशाला नऊ वर्षे न्याय मिळाला नाही. निर्दोष असतील तर त्यांना नऊ वर्षे न्याय मिळाला नाही. तिसरा पर्याय नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग निवडणुकीपूर्वीच झटपट निकाल लावून टाकावेत. घाईलाही आमचा तितकाच विरोध आहे. ब्राझीलचे माजी अध्यक्ष लुला यांना २०१७ साली शिक्षा झाली, एप्रिल २०१८ मध्ये ते तुरुंगात गेले आणि त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीतून बाद ठरले. २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या आणि २०२२ साली ते पुन्हा अध्यक्ष निवडले गेले. पण २०१८ ची निवडणूक काही परत आली नाही. खटला वेळेवर सुरू व्हावा, नियमाने चालावा आणि मतदानाच्या तारखेकडे न पाहता संपावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आरोप आला की अलीकडे प्रत्येक पुढारी हुतात्म्याची वस्त्रे अंगावर चढवितो. त्याचे अनुयायी तर थेट लोकमान्यांचे नाव घेतात. टिळकांनाही शिक्षा झाली होती ना, असा त्यांचा सवाल! होय, झाली होती. १९०८ साली मुंबईच्या न्यायालयात नऊ ज्यूररांपैकी सातांनी त्यांना दोषी ठरविले आणि त्यांची रवानगी मंडालेस झाली. पण त्यांच्यावरील आरोप 'केसरी'तील लेखांचा होता. ते लेख त्यांनी कधी नाकारले नाहीत. भर न्यायालयात त्यांनी त्यांचे समर्थन केले. आजचा आरोपी पुढारी कृत्य नाकारतो आणि त्याच कृत्याबद्दल हौतात्म्य मागतो! कृत्य केलेच नसेल तर हौतात्म्य कशाचे? आणि केले असेल तर ते देशासाठी होते की खिशासाठी, एवढे सांगण्याचे धैर्य तरी हवे.

लोकमान्यांच्या त्या खटल्याची दुसरी एक बाजू आम्हां सीमावासीयांना विसरता येत नाही. मराठी लेखांचा न्यायनिवाडा इंग्रजी भाषांतरांवरून झाला आणि त्या भाषांतरांतील शब्दाशब्दाविषयी टिळकांना झगडावे लागले. ज्या भाषेत गोष्ट घडली त्या भाषेत ती न समजणाऱ्यांनी तिचा निकाल लावला. पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याची स्थिती आज वेगळी आहे काय? उमेदवाराने आपल्यावरील खटल्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी, असा २००२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. ती वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावी, असा सप्टेंबर २०१८ चा आदेश आहे. आमदार-खासदारांवरील गंभीर खटले आरोप निश्चित झाल्यापासून एका वर्षात संपवावेत, असेही मार्च २०१४ मध्ये सांगितले गेले. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व तत्काळ जाते, हे जुलै २०१३ पासून निश्चित आहे. कायदा उदंड आहे. पण तो मतदाराच्या घरी त्याच्या भाषेत पोहोचला पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा हा मराठी मुलूख छिंदवाड्यासह मध्यप्रदेशात राहिला. त्याच वर्षी भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र सरकारने जे निवेदन काढले त्यात, जेथे असे लोक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात असे सुचविले होते. आमच्या तहसिलींत मराठी माणसाचे प्रमाण त्याहून पुष्कळ अधिक आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा कचेरी दाराशी आली. आता उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे आणि त्यांच्यावरील खटल्यांची माहिती या कचेरीने मराठीतही लावावी, अशी आमची पहिली आणि आजच पुरी होण्यासारखी मागणी आहे.

न्यायालयीन विलंब म्हणजे काय, हे सीमाबांधवांना शिकवावे लागत नाही. बेळगावसाठी महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा अजून निकालाची वाट पाहत आहे आणि पांढुर्णा-सौंसरचे तर त्या दाव्यात नावही नाही. म्हणूनच हा नियम आम्ही स्वतःलाही लावून घेतो. उद्या या चळवळीच्या एखाद्या पुढाऱ्यावर पैशाच्या अफरातफरीचा आरोप आला, तर 'विलीनीकरणाचा शत्रूच असा आरोप करील' असे म्हणून आम्ही त्याला पाठीशी घालणार नाही. सत्याग्रहाचा खटला आम्ही छातीवर मिरवू. अफरातफरीच्या खटल्याचा जाब मागू.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत कोणी आरोपी पुढारी सभेत हात जोडून 'न्याय तुम्हीच करा' असे म्हणू लागला, तर मतदारांनी त्याला नम्रपणे सांगावे: महाराज, न्यायाचे काम न्यायालयाचे, तेथे आपण तारखा न मागता हजर राहा. आम्ही येथे मत देण्यास बसलो आहोत, आणि त्यासाठी आमच्या भाषेविषयी व आमच्या मुलुखाविषयी आपण काय करणार, हे आम्हांस आधी सांगा.