मोडलेला दंड आणि अपुरी ओळ

वयाची सत्तर वर्षे ओलांडलेली स्त्री पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरते, हात टेकून पडते आणि दंडाचे हाड खांद्यालगत मोडते. गोव्यातल्या कोणत्याही अस्थिरोग विभागाला हा प्रसंग नवा नाही. उपचार होतात, हाड सांधले जाते; पण घरी परतताना हाती आलेल्या डिस्चार्ज कार्डावर अनेकदा ‘ह्यूमरसचे फ्रॅक्चर’ एवढीच नोंद असते. विम्याचा दावा अडतो तो या अपुऱ्या ओळीपाशी.

विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार रोखविरहित उपचारांच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात आणि रुग्णाला घरी सोडताना अंतिम देयकावर तीन तासांत निर्णय देणे अपेक्षित आहे. रुग्णाच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा. परंतु निर्णयाचा अवधी कमी झाला की तो देणारा अधिकारी समोरच्या कागदावरच विसंबतो. कागद अपुरा असेल तर शंका उपस्थित होते आणि तिचा भार रुग्णाच्या कुटुंबावर पडतो.

दाव्याच्या प्रमाणित अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात निदानाचा ‘आयसीडी-१०’ संकेतांक मागितलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या या वर्गीकरणात खांदा व दंड यांच्या अस्थिभंगासाठी ‘एस ४२’ हा गट आहे. दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडले तर एस ४२.२, मधला दांडा मोडला तर एस ४२.३ आणि कोपराकडचे टोक मोडले तर एस ४२.४. जखम उघडी आहे की त्वचा शाबूत आहे, हे पुढच्या अंकाने दाखवता येते; डॉक्टरांनी ते लिहिलेच नसेल तर नियमाने अस्थिभंग बंद प्रकारचा धरला जातो. म्हणजे हाड त्वचा भेदून बाहेर आलेले असूनही नोंद राहिली, तर कागदावर दुखापत सौम्य ठरते. हात उजवा की डावा, हे या मूळ वर्गीकरणाच्या संकेतांकात उमटत नाही. ते शब्दांतच लिहावे लागते.

खरा पेच मात्र दुसऱ्याच जागी आहे. ठिसूळ झालेले हाड किरकोळ पडण्याने मोडले, तर त्यासाठी ‘एम ८०’ हा वेगळा संकेतांक आहे. त्यात अस्थिभंग हा ऑस्टिओपोरोसिस या विकाराचा परिणाम मानला जातो. निरोगी हाड ज्या पडण्याने सहसा मोडले नसते, अशा पडण्याने ऑस्टिओपोरोसिसच्या रुग्णाचे हाड मोडल्यास ‘एम ८०’च वापरावा, असे अमेरिकेतील संकेतांकनाचे नियम स्पष्ट सांगतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे रास्तच आहे. विम्याच्या दृष्टीने मात्र ‘एस’ आणि ‘एम’ या दोन अक्षरांत मोठे अंतर पडते. पॉलिसीचे पहिले तीस दिवस आणि ठरावीक आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ या दोन्ही अटी अपघाताला लागू होत नाहीत, आजाराला होतात. वाढत्या वयातील ऑस्टिओपोरोसिस अनेक पॉलिसींच्या त्या यादीत असतो आणि हा प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. एकाच घसरण्याला अपघात म्हणायचे की आजार, यावर सबंध देयक कोणी भरायचे ते ठरते.

अशा वेळी ‘ऑस्टिओपोरोसिस लिहू नका’ अशी विनवणी कुटुंबाकडून होणे समजण्यासारखे आहे, परंतु ती रुग्णाच्याच मुळावर येते. विकाराची नोंद नसेल तर हाडांची घनता तपासली जात नाही, औषधे सुरू होत नाहीत आणि पुढच्या पडण्यात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका तसाच राहतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील नागरिकांच्या प्रमाणात गोवा केरळच्या खालोखाल होता. अशा राज्यात हे विकार नोंदीतून निसटणे सार्वजनिक आरोग्यालाही परवडणारे नाही.

नोंदीचा दुसरा हलगर्जीपणा नसेविषयी आहे. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस मधल्या भागाच्या अस्थिभंगात साधारण दहापैकी एका रुग्णात दुखावते आणि मनगट उचलता येईनासे होते. शस्त्रक्रियेपूर्वी मनगट उचलले जात होते की नाही, हे लिहिलेले नसेल तर इजा पडण्याने झाली की शस्त्रक्रियेने, हा वाद ग्राहक आयोगापर्यंत जाऊ शकतो. दोन शब्दांची नोंद तिथे रुग्णालाही राखते आणि डॉक्टरलाही.

कारणाच्या नोंदीचेही तेच. ‘पडून’ एवढ्या शब्दावरून स्कूटरवरून पडणे आणि न्हाणीघरात घसरणे यांत फरक करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेत मोटार अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार मिळू शकतात. तेव्हा हा फरक लिहिणे आता अधिकच आवश्यक ठरते.

उपाय खर्चिक नाही. बाजू, हाडाचा भाग, जखम उघडी की बंद, हाड सरकले की नाही, पडण्याचे ठिकाण व रीत, नसेची स्थिती आणि हाडांच्या ठिसूळपणाविषयीचा निष्कर्ष, अशा सात रकान्यांचा ठरावीक नमुना सरकारी व खाजगी रुग्णालयांना स्वीकारता येईल. संकेतांक लावणारा कर्मचारी लिहिलेलेच वाचतो. तर्क करणे त्याचे काम नव्हे. त्याहून महत्त्वाची जबाबदारी नियामकाची आहे. विम्यातील अपघाताच्या व्याख्येत अचानक, अनपेक्षित आणि बाह्य कारणाने घडलेली घटना अभिप्रेत आहे. ओल्या पायरीवरून घसरणे ही तशीच घटना होय, मग हाड मुळात मजबूत असो वा ठिसूळ. हे परिपत्रकाद्वारे निःसंदिग्ध केले, तर डॉक्टरांना खरे निदान लिहिताना रुग्णाच्या खिशाची चिंता वाहावी लागणार नाही. तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे: रुग्णालय सोडण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड वाचावे आणि त्यातली अपुरी ओळ तिथेच पूर्ण करून घ्यावी.