पुरोगाम्यांची ‘योग्य वेळ’

आमच्या पुरोगामी मित्रांच्या शब्दकोशात ‘मग’ हा एक फार सोयीचा शब्द आहे. समलिंगी माणसांचा प्रश्न निघाला की तो हटकून पुढे येतो. आधी वनजमिनीचे दावे, आधी कुपोषण, आधी गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्यांची मजुरी. हे सारे मार्गी लागले म्हणजे मग तुमचे पाहू! असे म्हणणारे लोक दुष्ट नाहीत. सनातन्यांप्रमाणे ते शिव्या देत नाहीत. उलट चहा पाजतात. परंतु शिवी देणाऱ्यास उत्तर देणे सोपे असते, ‘मग’ म्हणणाऱ्यास ते बहुधा कोणी देत नाही. यास्तव ते आज द्यावे म्हणतो.

प्रथम प्रश्न काय आहे ते सांगितले पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात शिकवतो. वयाची पन्नाशी उलटली आहे. गेली कित्येक वर्षे माझे सोबती आणि मी एका घरात संसार करीत आहोत. संसार हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. भाजी कोणी आणावी, मिरचीच्या हंगामात खिडक्या किती वाजता लावाव्यात, यांवरून आमचे जे वाद होतात तेच शेजारच्या दांपत्याचेही होतात. ‘समलिंगी जीवन’ म्हणजे काही विलक्षण प्रकार असावा अशी कोणाची समजूत असल्यास आमचे घर पाहून त्याची निराशाच होईल. या घरात विलक्षण असे काही असेल तर तो आमचा कुत्रा, मोती.

मोती कमालीचा भित्रा आहे. वरातीचा डीजे, दिवाळीचे फटाके, वळवाचा गडगडाट, यांतले काहीही कानी पडले की तो पलंगाखाली शिरून थरथर कापतो. घरी एकटा राहिला की दार ओरबाडून पंजे रक्ताळून घेतो. जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हांस बजावले, “त्याला रागावू नका. भीती ही खोड नव्हे. निजायला अंधारा कोपरा द्या. एकटे ठेवायचे तर आज दोन मिनिटे, चार दिवसांनी पाच.” त्याप्रमाणे आम्ही करीत आलो. त्याला पुष्कळ उतार आहे. तरी आम्हा दोघांपैकी एकास बहुधा घरी राहावे लागते.

गावाने मोतीची ही अडचण किती समजुतीने घेतली! दिवाळीत गल्लीतील मुले आपण होऊन फटाके पलीकडच्या मैदानात नेतात. “सर, मोती कसा आहे?” असे वाटेत थांबून लोक विचारतात. आमच्या मुलुखास जनावराची पारख आहेच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बिचकला म्हणून कोणी त्याची नीती तपासावयास बसत नाही. मात्र माझ्या सोबत्यांचा उल्लेख हीच मंडळी ‘तुमचे ते मित्र’ असा करतात. जनावरांच्या दवाखान्यातील नोंदवहीत मोतीचे पालक म्हणून आम्हा दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत. माणसांच्या एका दवाखान्यात माझे सोबती तापाने पडून होते तेव्हा ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी ‘मित्र’ लिहिले; त्यावर “घरचे कोणी असेल तर बोलवा,” असे मला सांगण्यात आले. कुत्र्याचे आम्ही दोघेही नातेवाईक. एकमेकांचे मात्र कोणीच नाही!

कोणी म्हणेल, कायदा तर बदलला, आता तक्रार कशाची? बदलला हे खरे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांस लागू करणे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवले. परंतु गुन्हेगार न राहणे निराळे आणि कुटुंब ठरणे निराळे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. पुढे २०२४ साली केंद्र सरकारने राज्यांस कळवले की, शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांस एकाच घरातील मानावे. बँकेत त्यांस संयुक्त खाते उघडण्यास आडकाठी नाही, हेही स्पष्ट केले. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदारास प्रेताचा ताबा मागता यावा, असेही आरोग्य खात्याने कळवले. तथापि दिल्लीहून पत्र निघणे ही एक गोष्ट आणि तालुक्याच्या कचेरीतील कारकुनाने ते मानणे ही दुसरी. देशातील पहिले आधारपत्र २०१० साली आमच्याच जिल्ह्यातील टेंभलीस वाटले गेले; तेव्हा सरकारी कागद येथवर पोचत नाहीत असे नव्हे. पोचवणारा लागतो. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत त्याचे अर्ज भरून घेण्यास पायपीट कार्यकर्त्यांनीच केली. तीच पायपीट येथे का नको?

‘आधी भाकरी’ या युक्तिवादास शहाद्याच्याच इतिहासाने उत्तर दिले आहे. १९७२ साली तेथे श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन आणि मजुरी यांसाठी. परंतु त्याच चळवळीतील आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांस चारचौघांत जाब विचारला. घरातील गोष्ट घरातच राहू द्या, हे त्यांनी ऐकले नाही. आणि म्हणून जमिनीचा लढा दुबळा झाला असे कोणी म्हणत नाही.

त्याहून जुना दाखला बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात रघुनाथ धोंडो कर्वे वाचकांच्या लैंगिक शंकांस उत्तरे देत, समलिंगी संबंधांविषयीच्याही. त्यावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. नाशिकचा मंदिरप्रवेशाचा लढा अजून संपला नव्हता. येवल्याची घोषणा एका वर्षावर आली होती. ‘आधी अस्पृश्यता, मग हे’ असे म्हणण्याचा अधिकार त्या दिवसांत कोणास असेल तर तो त्यांस होता. त्यांनी तो वापरला नाही. खटला ते हरले. पण त्यांच्या नावाने सभा भरवणाऱ्यांनी हे वकीलपत्र विसरू नये.

आता राहिला शेवटचा आक्षेप, की ही शहरी, खात्यापित्या लोकांची थेरे आहेत. वस्तुतः माझ्यासारख्यास पगार आहे, मृत्युपत्र करता येते, वकील गाठता येतो. जो मजूर तरुण हे उघड होताच घराबाहेर काढला जातो, त्याची भाकरीच आधी जाते. त्यास ना भाड्याने खोली, ना शिधापत्रिकेत नाव. तेव्हा भाकरीचा प्रश्न एका बाजूस आणि हा दुसऱ्या बाजूस, ही वाटणी मुळातच खोटी आहे.

माझे मागणे मोठे नाही. मित्रहो, तुमच्या पुढील मेळाव्यात शिधापत्रिकेचा ठराव कराल त्यात आमच्यासारख्यांचे एक कलम घाला. ते पत्र तहसील कचेरीत आणि सरकारी दवाखान्यात घेऊन जा. मुलामुलींच्या लग्नाची पत्रिका देताना तिच्यावर दोन्ही नावे लिहा. मोतीजवळ कोणी थांबावे ते आम्ही पाहू. आम्हा दोघांपैकी एकजण आधी जाणार आणि दुसरा मग. तो क्रम तुमच्या योग्य वेळेची वाट पाहणार नाही. आणि त्या दिवशी मागे राहिलेल्यास दवाखान्याच्या दारात पुन्हा कोणी ‘तुम्ही त्यांचे कोण?’ असे विचारील, तेव्हा त्याच्या शेजारी तुम्ही उभे असाल की नाही, एवढेच आज मला विचारावयाचे आहे.