नेमप्लेटवरचं आडनाव

परळीत पहाटे उठून सोळाशे किंवा आठशे मीटरचा टायमिंग लावणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर भरतीचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मैदानी 50, लेखी 100. मैदानीत निम्मे गुण पडले तरच पुढचा विचार. 2024 च्या भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर, म्हणजे एका जागेमागे शंभर जण. एवढे जण पळतायत म्हटल्यावर नोकरी चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो. शिपायाचा मूळ पगार 21,700 पासून सुरू होतो आणि दर महिन्याला हातात पडतो. ज्या घरात मुकादमाकडून उचल घेऊन वर्ष काढतात, त्या घराला याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. पगारासाठी पोलिसात जाण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

पण ही नोकरी कसली, हे अकॅडमीत फारसं कुणी सांगत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 28 म्हणतं, पोलीस कायम कर्तव्यावरच असतो. म्हणजे महाशिवरात्रीला सगळं गाव वैद्यनाथाच्या रांगेत आणि तुम्ही त्या रांगेच्या बंदोबस्ताला. मुंबईत आठ तासांची ड्यूटी 2016 मध्ये देवनार ठाण्यातून सुरू झाली, आणि तिचा आराखडा एका शिपायानंच मांडला होता, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तरी तासांचा मुद्दा दुसरा. पहिला आडनावाचा.

9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर राज्यभर फक्त आरोपींची चर्चा झाली नाही, आपल्या जिल्ह्यातल्या पोलिसांचीही झाली. कोण कुणाचा, कोण कुठल्या जातीचा. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी 2025 मध्ये कर्मचाऱ्यांच्या नेमप्लेटवर फक्त पहिलं नाव ठेवायला लावलं. काहींना हा देखावा वाटला. मला नाही वाटला, पण नुसत्या पाटीनं भागेल असंही नाही. परळीत तुमचं आडनाव चहावाल्यालासुद्धा माहीत असतं.

त्यात शिपायाची भरती जिल्ह्याची. बीडला लागलात तर नोकरी बहुधा बीडमध्येच, सोयऱ्याधायऱ्यांत. फोन येणारच, 'अरे आपलाच पोरगा आहे, गाडी सोडून दे.' गाडीचं एकवेळ ठीक. पण एखादी बाई तक्रार घेऊन आली, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या नेत्याच्या बॅनरवर तुमच्या भावाचा फोटो असला, तर? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. ते न्यायालय दिल्लीत. इथे टेबलामागे बसलेला माणूस पेन उचलतो की 'उद्या या' म्हणतो, यावर सगळं. ऑक्टोबर 2023 मध्ये परळीत एका व्यापाऱ्याचा खून झाला, त्याच्या तपासासाठी एसआयटी नेमायला 2025 उजाडलं. दरम्यान त्या माणसाच्या बायकोनं किती उंबरे झिजवले असतील, याचा विचार करा.

म्हणून माझं मत, पोलिसात जावं. ज्यांना असल्या फोनची आत्ताच भीती वाटते, त्यांनी तर नक्की जावं. ते गेले नाहीत म्हणून ती खुर्ची रिकामी राहत नाही, फोनला 'हो दादा' म्हणणारा तिच्यावर बसतो. फक्त त्या फोनला काय उत्तर द्यायचं, हे फॉर्म भरायच्या आधी घरात बोलून घ्या. लागल्यावर बोलायला उशीर झालेला असतो, तोवर पेढे वाटून झालेले असतात. माझ्या ओळखीच्या एकीनं विचारलं घरी, की चुलतभावाला उचलायची वेळ आली तर मी उचलणार, चालेल का? वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी लाग तर खरं."